बोलणार नाही, एवढीच शपथ

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार

पुन्हा तुटलं! आज तर मेल समोर दिसत होती. स्वराचं नाव, आणि पुढं इंग्रजी अक्षरांत मराठी — ‘आई, येशील का?’ त्यावर बाण नेला, दाबलं, आणि खालच्या कोपऱ्यातली लुकलुकणारी दोन बारकी कॉम्प्युटरं गायब. इंटरनेट बंद. पान कोरं.

कुठं येशील का? कधी? काय झालंय तिला? दुपारपासून डोकं भणभणून राह्यलंय.

पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं त्याला दीड वर्ष झालं. परभणीला असते. ह्यांनी तेव्हा मला पिंपळगावला नेलं, रेणुकाईसमोर उभं केलं. ‘म्हण, स्वराशी बोलणार न्हाई. समोर न्हाई, फोनवर न्हाई.’ म्हणाले मी. देवीसमोर तमाशा कुठं करायचा? पण बोलणार नाही, एवढंच म्हणाले. वाचणार नाही, लिहिणार नाही, असं मी कुठं म्हणाले? शपथ म्हणजे शपथ, त्यात जेवढं आहे तेवढं पाळते.

घरी होती तेव्हा मेल कशी उघडायची ते तिनंच शिकवलं होतं. तिच्याच कॉलेजसाठी घेतलेलं हे कॉम्प्युटर. हे सकाळच्या रेल्वेनं जालन्याला ऑफिसात जातात. लाइट येते दोनला. तेवढीच दुपार माझी.

४ फेब्रुवारी, बुधवार

लाइट आली तीनला. चारला हे दारात! डोकं दुखतंय म्हणे. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि चहा ठेवला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोडेमची वायर काढली, फुंकली, पुन्हा बसवली. फोनची डबी उघडून स्क्रू आवळले. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. आधी ते किंचाळतं, खरखरतं, मंग शांत होतं, म्हणजे लागलं. मेलची पेटी उघडायला लागते, अर्धं पान येतं, माझा जीव वर येतो, आणि तुटतं. जरा सकाळी बघावं तर लाइट नाही. संध्याकाळी बघावं तर हे समोर खुर्चीत.

आणखी एक नवीनच. तुटलं की थोड्या वेळानं फोन वाजतो — नुसता ‘टिर्र’, अर्धाच, आणि गप्प. पूर्वी दुपारी वाजतच राहायचा. मी हात लावत नाही. तीच असली तर? ‘आई’ म्हणाली तर माझ्याच्यानं गप्प बसवेल का? त्यापेक्षा न उचललेला बरा.

तिला वाटत असेल, आईनं वाचलं आणि गप्प बसली. हा विचार आला की अन्न गोड लागत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज स्वतःची शोभा करून घेतली.

चष्म्याचं निमित्त काढून जालन्याला गेले. एसटीनं — रेल्वेत ह्यांच्या ओळखीचे निम्मे डबे भरलेले असतात. स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान आहे, तिथं बसले. माझं नाव टाकलं. खाली पासवर्ड. घरी त्या चौकटीत काळी टिंबं असतात, ती चांगली लक्षात होती. तेवढीच टिंबं दिली. चूक म्हणे. पुन्हा दिली. पुन्हा चूक!

दुकानवाला मागून बघत होता. ‘मावशी, टिंब म्हणजे पासवर्ड न्हाई. टिंबाच्या खाली अक्षर झाकलेलं असतं.’

‘कोणतं अक्षर?’

‘ते तुम्हालाच माहीत ना.’

मला कुठलं माहीत? स्वरानं टाकलेलं. घरचं कॉम्प्युटर आपोआप भरतं, मी नुसतं बटण दाबते. दीड वर्ष मला वाटत होतं, आपल्याला मेल उघडता येते. अशी चीड आली स्वतःची! येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले.

चष्म्याचं काय म्हणाले, ह्यांनी विचारलं. नंबर तोच आहे, म्हणाले मी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टेलिफोन ऑफिसात तक्रार दिल्ती, लाइनमन आला. धम्मपाल नाव. खांबापासून डबीपर्यंत बघितलं. ‘ताई, लाइन बराबर आहे. कुठं पॅरलल जोडलंय का?’

होतं म्हटलं. एकाच नंबरचे दोन फोन होते, एक इकडं, एक भिंतीपलीकडं थोरल्या दिरांकडं. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली, भांडणं झाली, तेव्हा ह्यांनी स्वतः पक्कड घेऊन गच्चीवर जाऊन त्यांची वायर तोडली. नेमका त्याच दिवशी त्यांचा टीव्ही बंद पडला, तर दिरांनी त्याचंही खापर ह्यांच्यावर फोडलं. तेव्हापासून जाऊबाई, कौसल्याबाई, रस्त्यात भेटल्या तरी मी पदर सारखा करत दुसरीकडं बघते. त्याही.

‘मंग खांबावरचा जोड गंजला असंल, बघतो,’ म्हणून धम्मपाल गेला. अजून बघून राह्यलाय वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं!

आज तुटल्याबरोबर रिसीव्हर उचलला, लाइन आहे का बघायला. टोन नाही. आणि कानात कुकरची शिट्टी! माझा कुकर तर धुऊन पालथा घातलेला. तेवढ्यात तीच शिट्टी भिंतीतूनही आली. दोन्ही कानांत एकच शिट्टी.

म्हणजे ह्यांनी तोडली ती टीव्हीची केबल! फोनची वायर जशीच्या तशी. आणि कौसल्याबाई चार वर्षं गुपचूप आमचा फोन ऐकताहेत. मी बसले की मुद्दाम उचलतात. मुद्दामच! माझ्या लेकीची चिठ्ठी माझ्या हातातून हिसकावतात.

नुसती आग आग होतेय. उद्या कॉम्प्युटर लावतच नाही. तो अर्धा टिर्र झाला की उचलते आणि चार वर्षांचं सगळं ऐकवते. शपथ स्वराशी न बोलायची आहे, जावेशी न भांडायची नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोनजवळ पाट घेऊन बसले. दोन वाजून गेले. टिर्र. उचलला. शब्द ओठावर होते.

‘मोठी आई, मी बोलतेय.’

माझी स्वरा! आवाज जरा भरल्यासारखा झालाय.

‘बोल बाई,’ कौसल्याबाई म्हणाल्या. ‘वाटच बघून राह्यलते.’

‘अगं, लाइन सारखी बिझी लागती.’

‘आत काहीतरी चिरचिरतं. तुझा फोन आला न्हाई की मी उचलून बघते, मंग बंद होतं ते.’

माझा फोन वाजून वाजून दमायचा, म्हणून बाईंनीच एक दिवस उचलला असणार. आणि मी काल काय काय लिहून बसले.

‘आई काही म्हणाली का गं?’ स्वरानं विचारलं.

‘आमचं बोलणं कुठं आहे, लेकरा.’

‘मेल केल्ती तिला. पाचवा लागलाय, रविवारी चोरओटी आहे, ये म्हणून. उत्तरच न्हाई. तिला यायचंच न्हाई. मोठी आई, तू येतीस? कुणालाच बोलवायचं न्हाई, पण माहेरची एक बाई तर पाहिजे ना ओटी भरायला.’

‘येते की. मी येते. रडू नको, ह्या दिवसांत रडू नये.’

पाचवा महिना. पोरीला पाचवा महिना लागला आणि मला चोरून ऐकावं लागतंय. पदर तोंडात कोंबला. देवीपुढं हात जोडून म्हटलेलं, तेच डोक्यात घणघणत होतं. स्वरा म्हणाली, ‘बरं, ठेवते मंग.’

 पुढचं उद्या लिहीन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ती ठेवणार, तेवढ्यात मी बोलले. स्वराशी नाही.

‘बाई, तिला सांगा, ओटी भरायला तिची आई येतेय.’

 मंग कौसल्याबाई म्हणाल्या, ‘उषे, ऐकलं तिनं. आता आपण दोघी मिळूनच जाऊ.’