अंगणातली अर्थिंग

माय,

उन्हाळा लागला की तू रोज भांडे धुतलेलं पाणी अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ओतायची. तिथं झाड नाही, वेल नाही, नुसता एक लोखंडी पाइप वीतभर वर आलेला. पाणी टँकरचं. मी एकदा चिडून विचारलं, काऊन वाया घालवून राह्यली? तू बादली खाली ठेवली. "अर्थिंग हाय ते. कोरडं पडलं तं आतल्या माणसाले करंट लागते. भाडेकरू हाय म्हणून का तो माणूस नाही?"

तू गेली अन् खोल्या माझ्याकडं आल्या. तुझा धीर माझ्यात नाही. नळ गळते म्हणून कोणी आलं की मले त्या माणसाचाच राग येते. पुढच्या खोलीत एक मास्तर राहते, बायको अन् पोरीसंगं. मागच्या पावसाळ्यात बायको म्हणे, काकू, चिखलात पोरगी घसरते, अंगणात सिमेंटचे गट्टू बसवता का? मी लगेच बसवून घेतले. मिस्त्रीनं विचारलं, हा पाइप आडवा येते, याचं काय करू? कापून टाक म्हटलं. तुझं बोलणं तेव्हा आठवलं नाही, असं मी मनाले सांगत आली. आठवलं होतं, माय. पण मिस्त्रीले दुसऱ्या कामावर जायचं होतं अन् मले थांबणं जमत नाही.

यंदा मास्तरची बायको सांगत आली, कुलरले हात लावला की झिणझिण्या येतात. कुलर आपलाच, खोलीसोबत दिलेला. मी पंप बदलून दिला. पुन्हा आली तेव्हा चप्पल घालून पाणी भरत जा म्हणून वाटंले लावली. तिसऱ्या खेपेला ती सांगायले आलीच नाही. पाणी टाकता टाकता करंटनं फेकली गेली. दोन दिवस दवाखान्यात होती, उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत.

वायरमननं कुलर उघडला, मोटार खराब निघाली. मग म्हणे, पण घराची अर्थिंग कुठं हाय? मास्तर तेव्हा दवाखान्यात होता. मी तो यायच्या आधी कोपऱ्यातले गट्टू काढून नवी अर्थिंग करून घेतली. घरी आल्यावर तोच मले हात जोडते. "काकू, हिले किती खेपा सांगतलं, ओला हात लावू नको. तुमाले उगाच ताप झाला."

पुढं जपा, म्हटलं. एवढंच म्हटलं.

हा कागद तुले पोचत नाही, म्हणून तं लिहिता येते. जिले सांगायचं ती भिंतीपलीकडं हाय. ते खोली सोडून गेले तरी चालंन. पण सांगितल्यावर ती माझ्याकडं बघंन, ते मले सोसणार नाही.

आज सकाळी ती पोरीची वेणी घालून राह्यली होती, बोटं साथ देईनात. मी पोरीले ओढून घेतलं अन् मीच घातली. ती म्हणे, "काकू, सख्खी माय करणार नाही एवढं करता तुम्ही."

मी हाव म्हटलं, अन् दुसरी रिबीन मागितली.