आईच्या फोनला उत्तर

ठमे,

दवाखान्यात चाललोय. मी ठणठणीत आहे, उगाच मागे धावत येऊ नकोस. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

आईचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलाय. तो वाजेल आणि रोजच्यासारखं विचारेल, ‘आज बोटं किती आखडली? सांधे किती दुखतात?’ तिच्या संधिवातासाठी दवाखान्याचं ते अ‍ॅप तूच फोनमध्ये घालून दिलं होतंस. आई गेली हे त्याला कोण सांगणार? पहिल्या दिवशी मला राहवेना, म्हणून तिच्या नावाने मीच उत्तर दिलं. मग रोजच देत गेलो, आणि रोज तिचं दुखणं थोडं थोडं कमी करत गेलो. ती असताना मला ते तिळभर कमी करता आलं नाही गं.

काल तिकडच्या नर्सबाईंचा फोन आला. "काकूंची तब्येत छान सुधारतेय. डॉक्टर गोळ्या कमी करू म्हणतात, घेऊन या त्यांना." ती गेल्याचं सांगायला माझी जीभ रेटेना. "हो, आणतो," म्हणून बसलो.

आता समक्ष जाऊन सांगतो.

फोन वाजला तर बंद करू नकोस. ‘काहीच दुखत नाही’ एवढंच दाबायचं राहिलंय. ते मी येऊन दाबेन.

– बाबा