ताईच्या कमरेची सुरी

४ फेब्रुवारी

ताईचं म्यान गेलं. उसवलं नाही — आतून कापलं गेलंय. टोकापासून बोटभर वर, धारेच्या बाजूने. दोन चामड्यांच्या मध्ये शिवणीलगत एक जाड पट्टी असते, ती याचसाठी, की धार टाक्यांपर्यंत पोचू नये. ती पट्टीही कापून सुरी पार झाली! रोपांची कलमं करायची सुरी तशी वीतभरसुद्धा नाही, पण ताई ओणवी होते, उकिडवी बसते. एखाद दिवशी टोक मांडीत शिरलं असतं.

तिला दाखवलं. म्हणाली, म्यान म्हातारं झालं. आणि वर, "तुझ्यासारखंच. फक्त ते कुरकुरत नाही."

मी हसलो. पण सुरी सरळ आत गेली तर म्यान कापत नाही. तिरकी गेली तरच कापतं. आणि ताईचं उजवं मनगट गेल्या वर्षी टाकीपाशी घसरून मोडलं होतं. हाड जुळलंय, असं डॉक्टर म्हणाले. हाड जुळणं वेगळं, हात पूर्वीसारखा होणं वेगळं.

५ फेब्रुवारी

लोहाराला नवं म्यान सांगितलं. तो सुऱ्याही करतो आणि म्यानंही शिवतो. लेक मी दिली तर तिचं घरही मीच बघून देणार, हा त्याचा ठरलेला विनोद. दर वेळी सांगतो, दर वेळी स्वतःच हसतो.

७ फेब्रुवारी

आज फजिती. लेकीच्या शाळेत पालकसभा. आमच्या रोपांच्या नर्सरीतून तसाच गेलो — कमरेला पट्टा, पट्ट्याला म्यान, म्यानात सुरी. मला ती असल्याचं भानच नसतं, चष्मेवाल्याला चष्म्याचं नसतं तसं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मात्र होतं. त्याने मला बाजूला घेतलं. मी कलम कसं बांधतात ते समजावू लागलो. खुंट म्हणजे खालचं मुळांसकट रोप, काडी म्हणजे त्यात बसवायची चांगल्या झाडाची फांदी, घडीचा चाकू का चालत नाही — चीक सांध्यात जातो आणि चाकू ऐनवेळी उघडत नाही. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, सगळं पटलं साहेब, पण सुरी इथे ठेवून जा.

लेक दुसऱ्या बाजूच्या रस्त्याकडे बघत उभी होती. माझी कुणीच नसल्यासारखी.

घरी बायको म्हणाली, एवढं लांबण लावायची काय गरज होती? "राहिली चुकून" म्हणायचं. खरं आहे. पण तो नीट ऐकत होता. असा श्रोता वर्गात सहा वर्षं शिकवलं तेव्हाही मिळाला नाही.

१० फेब्रुवारी

जानेवारीतली लिंबाची कलमं उघडायला घेतली. बरीच गेली आहेत. नेहमी थोडी जातातच, पण इतकी नाही. गेलेली काही सोडवून भिंगाखाली धरली.

सरळ दिसतंय. काडीची साल खुंटाच्या सालीला भिडलेलीच नाही. दोन्ही बाजूंना नाही तर निदान एका बाजूला तरी भिडावी लागते; त्या केसभर हिरव्या थरातूनच सगळा जीव जातो-येतो. इथे काडी मधेच ठेवलेली. शिवाय काप एका हाताचा नाही. दोनदा, तीनदा सुरी फिरवली आहे. पायऱ्या पडल्यात.

कलमं आमच्या दोघांची मिसळलेली आहेत. कुणाची कुठली हे लिहून ठेवायची आमच्यात पद्धत नाही. पण मोडलेलं मनगट एकाचंच आहे.

११ फेब्रुवारी

मला हे ताईला सांगायचंय ते कलमांसाठी, की ती मोठी आहे आणि आजवर प्रत्येक गोष्टीत तिचाच शब्द शेवटचा राहिला म्हणून? सकाळपासून स्वतःला विचारतोय.

दोन्ही असेल. पण दुसरं खरं असलं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही.

१३ फेब्रुवारी

नवं म्यान आलं. सुरेख. जाड चामडं, मेणाचा दोरा, तोंड असं घट्ट की सुरी घालून उलटं धरलं तरी पडत नाही. लोहार नेहमीचं बजावून गेला — रात्री सुरी यात ठेवू नका, चामडं ओल धरतं, सकाळी पात्यावर गंज. जसं काही मला माहीत नाही! आमच्याकडे संध्याकाळी सुऱ्या पुसून, तेलाचं बोट फिरवून फळीवर. म्यानं शेजारी खिळ्यांना, तोंड खाली करून. बाबांनी लावलेली शिस्त.

ताईने पट्ट्यात ओवून पाहिलं. डाव्या कुशीला, जरा पुढे — म्हणजे वाकलं तरी टोचत नाही आणि उजवा हात आडवा नेला की मूठ हातात. न बघता दोन-तीनदा काढली, घातली.

न बघता. मनगटाचा भरवसा नाही तर निदान बघून तरी घालावी.

१६ फेब्रुवारी

सांगितलं.

कामाच्या बाकावरचा आमचा नियम — नागडी सुरी हातात असताना बोलायचं नाही. आधी म्यान, मग तोंड. यामुळे निम्मी भांडणं होतच नाहीत. सुरी आत जाईपर्यंत वाक्य बदललेलं असतं.

मी म्हटलं, ताई, जरा बोलायचंय. तिने हातातली काडी पुरी कापली, खुंटात बसवली, सुरी पुसली, म्यानात घातली. "बोल."

गेलेली कलमं समोर ठेवली. काप दाखवले, भिंग पुढे केलं. तिने भिंग घेतलं नाही. मी म्हणालो, काही महिने तू कापू नकोस, बांधणी कर. मनगटाला आराम मिळेल.

"माझा हात हलतो?"

"हलत नाही. जुळवत नाही."

"तू नीट पाहिलंस?"

"भिंगातून पाहिलं."

ती मनगटाकडे बघत राहिली — दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग पट्टा सोडला. सुरी पुसलेलीच होती, तरी पुन्हा पुसली. फळीवर ठेवली. म्यान खिळ्याला, तोंड खाली. भर सकाळी! आणि मला विचारलं, बांधायच्या पट्ट्या कुठे ठेवल्यास?

मी वादाची तयारी करून गेलो होतो. त्या तयारीची गरजच पडली नाही. बरं वाटायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी

मी कापतो, ताई बांधते. काम वेगाने होतंय. तिची बांधणी बघत राहावी अशी, खालून वर, कुठे सुरकुती नाही. मग हात जुळवत नाही असं कसं? — पण बांधणं वेगळं आणि कापणं वेगळं. कापताना जोर अंगठ्याकडून मनगटात येतो.

बायकोने विचारलं, तुम्हाला खात्री आहे ना? म्हटलं, शंभर टक्के. ती म्हणाली, मग जेवताना हेच हेच का सांगताय?

२२ फेब्रुवारी

ताईचा हात दिवसातून कितीदा तरी डाव्या कुशीकडे जातो. मूठ नसते तिथे. मग हात पदराला पुसल्यासारखं करते.

मी बघितलं हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "सवय रे. दात पडला तरी जीभ जातेच."

२६ फेब्रुवारी

एक गिऱ्हाईक आलं. बागेची हौस नवी, खिशात घडीचा चाकू, त्याला करवत, कात्री, आणखी काय काय. मला उघडून दाखवत होता आणि प्रत्येक वेळी भलतंच पातं उघडत होतं. ताई मागून म्हणाली, वरात आली, नवरा कुठाय? तोही हसला. जाताना आमच्या लोहाराचा पत्ता घेऊन गेला.

दिवस छान गेला. ती हसली, मी हसलो. निर्णय बरोबर होता असं आज पहिल्यांदा मनापासून वाटलं. कठीण गोष्ट वेळेवर सांगितली, नातं मोडलं नाही. घरोघरी लोक हीच गोष्ट पुढे ढकलतात आणि मग अपघात होतो.

१ मार्च

अंगठ्याला सुरी लागली. फार नाही. घाईत होतो.

९ मार्च

सतरा फेब्रुवारीच्या आसपास केलेली कलमं आज पाहिली. डोळे फुटायला हवे होते. निम्मी काळी.

ऊन अचानक वाढलं, हे एक. खुंट यंदा बारीक, हे दुसरं.

१० मार्च

ऊन वाढलं तर सगळीच जातील. एकाआड एक कशी जातील?

वर ऊन आणि खुंट लिहिले ते वाचून लाज वाटली. ताईच्या वेळी मी उन्हाचं नावही काढलं नव्हतं.

११ मार्च

भिंग काढलं. ताई रोपं पोचवायला गेली होती — ती नसतानाच काढलं, हेही लिहून ठेवतो.

तेच. काडी मधोमध, साल सालीला भिडलेली नाही. कापाला पायऱ्या. सतरा तारखेपासून या बाकावर सुरी फक्त माझ्या हातात आहे.

मग एक ताजी काडी कापली, खुंटात बसवली. हाताला वाटलं, बरोबर. डोळ्यांनाही वाटलं, बरोबर. भिंगाखाली धरली — चुकलेली. भिंगाशिवाय मला साल दिसतच नाही. हिरवट धूसर काहीतरी दिसतं आणि बाकीचं मी ठरवतो.

आणि ताईचं म्यान? बाबांच्या काळातलं. चामडं थकलं, इतकंच. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

१२ मार्च

डोळे तपासून आलो. तिथल्या मुलीने कार्ड हातात दिलं. मी ते लांब, आणखी लांब नेत गेलो. ती म्हणाली, काका, हात संपला की थांबा.

चाळिशी. दुसरं काही नाही. चष्मा आठवड्याने मिळेल. बायको म्हणते, वर्षभर पेपर टेबलावर ठेवून उभ्याने वाचताय, मला वाटलं पाठीसाठी.

ताईला सांगायचंय. चष्मा लावून, कलमं सुधारून, मग हळूच "आता मनगट बरं दिसतंय" म्हणून सुरी तिच्या हातात देता येईल. कुणाला काही कळणार नाही. हा विचार आला. चांगला पाच मिनिटं राहिला.

१३ मार्च

सकाळी बाकावर बसायच्या आधीच सांगितलं. सगळं. गेलेली कलमं दाखवली, जानेवारीतलीही माझीच म्हटलं. तुझा हात ठीक आहे. माझे डोळे गेलेत.

तिने गेलेली कलमं एका बाजूला सारली.

मग म्हणाली, "नक्की? माझं मन राखायला नाही ना सांगत?"

नक्की, म्हटलं.

तिने फळीवरून सुरी घेतली, नखावर धार पाहिली, पट्टा बांधला. एक काडी कापली — एकच हात, पायरी नाही. खुंटात बसवली आणि माझ्यापुढे धरली. मी भिंग लावलं. साल सालीला. मी नुसती मान हलवली. तिने काडी पुन्हा स्वतःकडे घेतली आणि उगाच इकडून तिकडून बघत राहिली.

"चला मास्तर, बांधा आता," म्हणाली.

माझी बांधणी भिकार आहे. दिवसभर ऐकून घेतलं.

१६ मार्च

घडी बसली. ती कापते, मी बांधतो. चष्मा आला की मीही कापेन, पण पहिला ट्रे ती तपासणार, असं मीच सुचवलं. चूक केली, शोधली, कबूल केली, दुरुस्त केली. यापेक्षा वेगळं काय करता आलं असतं? झालं ते मिटलं.

१९ मार्च

ताई बाहेर गेली असताना लोहार पुडकं देऊन गेला. मी काही सांगितलं नव्हतं. उघडलं — नवी सुरी, नवं म्यान. सुरी हातात बसेना. कलमाच्या सुरीला धार एकाच अंगाने असते. आमच्या सगळ्या उजव्या हाताच्या. हिची धार उलट्या अंगाला. म्यानही उजव्या कुशीला बांधायचं. डावखुऱ्याची सुरी.

ताईनेच सांगितली होती म्हणे, गेल्या महिन्यात. सतरा तारखेला सकाळी सकाळी गेली होती. उजव्या हाताचा आता भरवसा नाही, डाव्याने शिकते, म्हणाली. लोहार सांगत होता, मी विचारलं त्यांना, डॉक्टरला तरी दाखवलंत का?

"तर म्हणाल्या, डॉक्टर कशाला? भावाने पाहिलंय."