आधी कुणाला बर्फ

मी, धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आहे, पण तो आजार नव्हे, असे त्यांनीच सांगितले.

१. राहते घर माझ्या मुलीला, धाकटीला द्यावे. ते विकून चार पैसे येतील अशा भ्रमात तिने राहू नये. या गल्लीत बावीस चुली पेटत, आता सहा. समुद्र तापला, मासळी थंड पाण्याकडे निघून गेली, मोठ्या इंजिनांच्या बोटी तिच्या मागे गेल्या. उरलेल्यांनी घरांना कुलपे ठोकली. शाळासुद्धा गेली.

२. माझा हातपंखा मासळी खात्याच्या साहेबांना पाठवावा. ते मला सांगून गेले, "बाई, जग बदलतंय, तुम्हीही बदला." मी विचारले, "तुम्ही काय बदललंत, साहेब?" त्यांनी गाडी बदलली होती. आतून इतकी गार, की काचांवर बाहेरून दव धरले होते. पंखा पाठवण्याचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यावा.

३. थोरल्या मुलाला कारखान्यातला एक खिळाही देऊ नये. कारण लिहिते.

मासळी गेल्यावर त्याने टेकडीवरच्या हॉटेलशी करार केला. रोज तीस लाद्या, पाहुण्यांच्या सरबतांसाठी. करारावर सही माझीच आहे, तेही लिहून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात आठ दिवस असे आले की दाराच्या कडीला हात लावता येईना. वीज दिवसातून चार-पाच तास. बर्फ गोठवायचे डबे मिठाच्या गार पाण्यातून काढावेत तर बर्फाच्या पोटात पाणीच. एके सकाळी कशाबशा तीस लाद्या निघाल्या, आणि दवाखान्याचा टेम्पोवाला दारात आला.

"आजी, उन्हानं पडलेली माणसं आहेत. दहा तरी द्या."

आमच्या दारावर माझ्या वडिलांनी रंगवलेली पाटी आहे : ज्याने आधी सांगितले, त्याला आधी. बोटवाला असो की होडीवाला, या पाटीपुढे कुणाचे काही चालले नाही. धक्क्यावरची किती भांडणे तिने मिटवली. म्हणून मी म्हणाले, "आजचा माल हॉटेलचा आहे. उद्या ये."

थोरला शेजारीच उभा होता. "शब्द म्हणजे शब्द, आई," म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला. आज लिहिताना लाज वाटते.

दवाखान्यात त्या दिवशी जाळीवाली होती. माझी शेजारीण, जाळी विणणारी, चाळीस वर्षांची मैत्रीण. दुपारी गेली. संध्याकाळी हॉटेलचा माळी सांगत आला की नऊ लाद्या पोहायच्या तलावात सोडल्या, पाहुण्यांना पाणी कोमट लागत होते.

४. कारखाना, यंत्र, डबे आणि बँकेतली शिल्लक जाळीवालीच्या सुनेला द्यावी. नऊ वर्षे यंत्र तीच चालवते. सासूला पोचवून तिसऱ्या दिवशी कामावर आली, यंत्राला तेल घातले आणि डबे भरायला लागली. माझ्याशी भांडली असती तर बरे झाले असते.

अट एकच. हॉटेलचा करार मी कालच मोडला, तो पुन्हा जोडू नये. उन्हाळ्यात पहिल्या लाद्या दवाखान्याला, फुकट. मग बाकीचे.

दारावरची पाटी उतरवून थोरल्याला द्यावी. त्याला शब्द फार आवडतात.

५. थोरला आता दूरच्या शहरात, गार ऑफिसात बसतो. मी उन्हाळ्यात गेले तर तो फोन करील, "मी येईपर्यंत आईला बर्फावर ठेवा." ठेवू नये. माझ्या प्रेतासाठी एकही लादी काढू नये. त्याने आधी सांगून ठेवले असले, तरीही नाही.

सही : मालकीण, बर्फाचा कारखाना

माझ्यासमोर सही झाली :
१. दवाखान्याचे डॉक्टर
२. दवाखान्याचा टेम्पोवाला

स्थळ : कारखान्याची कचेरी
दिनांक : ४ एप्रिल, सकाळी नऊ. छपराचा पत्रा आताच तापला आहे.