करवलीच्या मुंडावळ्या

अण्णा, धाकटीचं पोपटी पातळ तुम्हीच टेंभुर्णीच्या बाजारातून आणलं होतं, अक्काच्या लग्नात करवली म्हणून मिरवायला. बारा वर्षांची पोर ते नेसून सकाळपासून मांडवात फिरतेय, काठात पाय अडकतोय, मला विचारतेय, "भाऊ, मी अक्कापेक्षा चांगली दिसून राह्यले का?" दुपारी वरपक्षाचे लोक म्हणाले, नवरदेवाला धाकटा भाऊ आहे, एकाच मांडवात दोन्ही उरकून टाकू. तुम्ही पानाला चुना लावत होता. नुसती मान हलवली. करवलीच्या कपाळावर मुंडावळ्या आल्या तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, मला कामून बांधून राह्यले? नवरी तर अक्का हाय न?" तुम्ही तिच्याकडं पाहिलंही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती बाळंतपणात गेली. तुम्ही म्हणालात, देवाची मर्जी. मी रोज त्या देवाची पूजा करतो, अण्णा. तुमचं करणं त्याच्यावर ढकललंत, हे मला अजून सोसत नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी तालुक्याच्या शिबिरात एका वकीलबाईंनी सांगितलं, जगातल्या देशांनी मिळून लेकरांसाठी करार केलाय, आपल्या देशानंही तो मान्य केलाय. अठराच्या आतलं ते लेकरू, आणि त्याच्याबद्दल काही ठरवायचं तर त्याचं म्हणणं ऐकायचं. बाकीचे टिपून घेत होते. मला तुमची हललेली मान दिसत होती.

परवाच्या वैशाखात तुमच्या थोरल्यानं तेच केलं. त्याच्या मोठ्या लेकीच्या मांडवात धाकट्या, शाळकरी पोरीलाही मुंडावळ्या. मी अडवलं तर म्हणाला, "अण्णांच्या येळपासून आपल्यात असंच." तुमचं नाव ऐकलं आणि मी पोलिसांना फोन लावला. गाडी आली. एक पोलीसबाई पोरीजवळ बसली, तुला काय वाटतं म्हणाली. आपल्या घरात पोरीला हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. पोर म्हणाली, "मला भूक लागली. सकाळपून कोणी जेवूच देईना." त्या पोरीचं लग्न तिथंच थांबलं. मांडवाच्या तोंडाशी तुमचा हार घातलेला फोटो होता. हे कोण, बाईनं विचारलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "आमचे अण्णा. सुरुवात यांनी केली." थोरला म्हणाला, तू बापाची अब्रू वेशीला टांगली. मंग, टांगायचीच होती.

पितरपंधरवड्यात मी धाकटीचं पान मांडतो, तुमचं नाही. उपाशी राहा. हे लिहिलेलं देवापुढं वाचणार होतो, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलं असतं. आता वाचणार नाही. पोर सुटली याचा आनंद मला झाला, पण दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी झाला तो, लोक वळून वळून तुमच्या फोटोकडं बघत होते, त्याचा.