रस्त्याकडचा मेढा

आंजी (मोठी),
२९ जुलै २०२५

चि. ज्ञानेश्वर यास कोकिळाताईचे अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. सोबत राखी आहे. पहिल्यांदाच पाकिटातून येते आहे, रागावू नकोस. स्कूटीनेच येणार होते, पण किल्ली तुझ्या भाच्याने, धनंजयने, काढून घेतली. एसटीने मी येणार नाही. हट्ट म्हण हवं तर.

झालं असं, की गावाबाहेरच्या वळणावर पळस, बोरी, गाजरगवत पार डांबरापर्यंत आलं आहे. समोरचं काही दिसत नाही. गेल्या आठवड्यात बाजाराची वांगी घेऊन निघाले, तर झाडोऱ्यामागून ट्रॅक्टर एकदम पुढ्यात. हँडल वळवलं नि थेट नालीत! गुडघा सोलला, वांगी शाबूत राहिली. धनंजय म्हणतो, वळण मोकळं होईल त्या दिवशी किल्ली मिळेल. तोवर भाजी तो नेतो, ठोकात देतो आणि नऊच्या आत परत. तिकडे माझी गिऱ्हाइकं वाट पाहत असतील. तुझ्या शेजारची मंदाबाई तर माझ्याशिवाय कोणाची भेंडी घेत नाही. बाजारात मी माणूस असते रे, घरात नुसती म्हातारी होते.

तू जन्मभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज वाचलेस, आता बहिणीसाठी एक लिही, वळण साफ करा म्हणून. माझ्या भाचीला, मोहिनीला, आशीर्वाद. माया आहे तेवढीच राहू दे, अर्ज मात्र लवकर जाऊ दे.

तुझी ताई,
कोकिळा

नालवाडी,
११ ऑगस्ट २०२५

ती. कोकिळाताईस ज्ञानेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

राखी वेळेवर पोचली. मोहिनीने बांधली आणि तुझ्या वाटची ओवाळणीही स्वतःच ठेवून घेतली.

अर्ज लिहून, बांधकाम खात्यात नेऊन, पोच घेऊन आलो. साहेब माणूस भला आहे, पण यादी लांब आहे, दिवाळी उजाडेल म्हणाला. तोवर घरी स्वस्थ बस. छप्पन्नाव्या वर्षी स्कूटी शिकलीस तेव्हा मीच पेढे वाटले होते, पण आता बासष्ट झाली. धनंजयचं काही फार चुकलं असं मला वाटत नाही. आणि काय गं, गावात कोयते नाहीत का? इतकं वाढेपर्यंत कोणी हात कसा लावला नाही?

राग आला तर पत्रातूनच काढ. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
ज्ञानेश्वर

आंजी (मोठी),
२४ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानेश्वर यास अ. उ. आ.

स्वस्थ तू बस. कोयत्याचं विचारलंस, तर ऐक. आपला गुराखी डोमाजी त्या पळसाला कोणाला हात लावू देत नाही. का, तर म्हणे पोळ्याले ठेवला आहे बाई, नाई तर मेढे कुठून आणू? तू शहरात राहून विसरला असशील, पोळ्याला दाराच्या दोन्ही अंगाला पळसाच्या फांद्या लावतात, तेच मेढे, आणि घरोघरी ते डोमाजीच पोचवतो. पण रस्त्याच्या बाजूला बोरीचे काटे, म्हणून हा दरवर्षी वावराच्या बाजूने तोडतो. म्हणजे राखायचं सगळं आणि तोडायचं जिथे कोणाला अडत नाही तिथलं!

मी त्याला सांगितलं, यंदा माझ्या दारात रस्त्याकडच्या फांदीचाच मेढा लागेल, नाहीतर दार रिकामं. शेजारच्या छायाचा पोरगा त्याच वळणावरून शाळेत जातो, म्हणून तिनेही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्खा गाव तेच म्हणू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी पाय आपटत गेला, सोबत गावातला कवडू आणि आणखी दोघं. रस्त्याकडच्या फांदीला हात पोचायचा तर आधी बोरी तोडावी लागते, गवत कापावं लागतं. दुपारी सगळ्यांच्या दारात मेढे आणि वळणावर लख्ख उजेड! पळसाचे बुंधे राखले आहेत. रस्त्याकडची फूट महिन्याच्या महिन्याला काढायचंही त्याने कबूल केलं.

मग धनंजयला वळणावर नेऊन उभं केलं. पाहिलं त्याने, डोकं खाजवलं आणि म्हणाला, मामाले इचारतो. यात मामा कुठून आला, तेवढं कळव. आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आल्यावर लागू होतील.

कोकिळा

नालवाडी,
२८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मामा पहिल्यापासूनच होता. तू पडलीस त्या दिवशी धनंजयचा फोन आला. आई पडली, एवढंच ऐकलं आणि पुढचं काही कानात शिरेना. मोहिनीने पाणी दिलं तेव्हा भानावर आलो. आपली आई गेल्यावर मला रागावणारं माणूस तू एकटीच उरली आहेस. मी फार घाबरलो ताई. किल्ली काढून घे आणि माझं नाव सांगू नकोस, असं मीच त्याला बजावलं. पोराने महिनाभर तुझी बोलणी निमूट खाल्ली.

पत्र मिळालं तसा काल एसटीने आलो आणि वळणावर उतरलो. पार लांब पुलाजवळची म्हैससुद्धा तिथून दिसली. तासभर उभा राहून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी पाहिली, सगळ्या लांबूनच दिसतात. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, तिथूनच परतीची बस धरली. घरी येऊन धनंजयला फोन केला, किल्ली देऊन टाक म्हणून. एव्हाना दिली असेल.

मंदाबाईला सांगून ठेवलं आहे, भेंडी येते आहे. सण आटोपून महालक्ष्म्या उठल्या की माझा कान धरायला ये. एसटीने आलीस तर दार उघडणार नाही.

तुझा अपराधी,
ज्ञानेश्वर