उसनी मेमरी

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा. गोदामामागची खोली मिळाली. खिडकी आहे, पंखा आहे आणि शेजारी घोरणारं कुणी नाही, अजून काय पाहिजे! मालक बरा वाटतो. म्हणाला, पोती उचलायला माणसं आहेत, तू कंप्युटर बघ. किती शिकलास हे त्याने विचारलं नाही, मीही आगाऊपणा केला नाही. ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे, कुठेच टिकत नाही. इथे टिकून दाखवतो.

आधीचा कंप्युटरवाला, त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात, काम समजावून आजच गेला. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी आहे. त्यात हायपरवायझर नावाचा प्रोग्राम बसवायचा. चष्मेवाला म्हणाला, तो चाळीचा मालक समज. एकाच डब्यात तीन-चार कंप्युटरांची बिऱ्हाडं थाटून देतो, आणि प्रत्येकाला वाटतं घर आपल्या एकट्याचं.

५ तारीख, बुधवार
पाठ मोडून आली. एकदा डिस्कच चुकीची निवडली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी डब्याच्या आत तीन मशिनी, म्हणजे तीन बिऱ्हाडं, उभी राहिली. नावं काय द्यायची म्हणून चष्मेवाल्याला फोन केला, तर म्हणाला, तू विसरणार नाहीस अशी दे. गोदामातल्या कॅमेऱ्यांच्या मशिनीला 'आई' दिलं, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. बिलांच्या मशिनीला 'ताई', हिशेबाला पक्की. तिसरी नुसती शिकायला ठेवलीय, काही कामाची नाही. तिला 'मी'.

मेमरी कमी पडत होती. एका चौकटीत खूण केली की ज्याला लागत नाही त्याची काढून ज्याला लागते त्याला मिळते. आमच्या घरी जन्मभर हेच चाललं. ताईचा स्वेटर मला, माझं दप्तर शेजारच्या पोराला. केली खूण. चष्मेवाल्याने एवढंच बजावलं, मेमरी म्हणजे पाटीवरचं लिहिणं, मशीन बंद केली की कोरी.

८ तारीख, शनिवार
आत चौथं बिऱ्हाड आलंय. नाव नाही. मी केलेलं नाही, चष्मेवालाही शपथेवर नाही म्हणतो. 'आई' आणि 'ताई'ची मेमरी थोडी थोडी तिकडे जातेय. तिथून परत घ्यायचं बटण दाबलंच जात नाही. मालक म्हणाला, कॅमेरे दिसतात ना, मग गप बस. डोळे चुरचुरतात. कंटाळा आलाय, पण टिकायचंय.

१० तारीख, सोमवार
ताईचा फोन. बोलता बोलता मी लहानपणी आम्ही दोघं पत्र्याच्या टबात बसून जिन्यावरून घसरल्याची गोष्ट काढली. माझा दात तिच्या कपाळात रुतला होता. ती म्हणाली, काहीतरीच, असं कधी झालंच नाही. मग कपाळावरची खूण कसली, विचारलं. म्हणाली, जन्मापासूनची असेल.

दुपारी ती बिननावी मशीन उघडून पाहिली. काळ्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटत होती. धाकट्याला पुढे बसवून टब मीच ढकलला होता, आईला सांगितलं नाही.

ताईचंच बोलणं. हे मलाही माहीत नव्हतं.

मेमरी म्हणजे आठवण, एवढं इंग्रजी मलाही येतं.

१२ तारीख, बुधवार
डोक्यातलं खूळ मोडायचं म्हणून 'ताई' बंद करून पुन्हा चालू केली. नको होतं करायला. तासाभरात दाजींचा फोन. ताई दारात उभी राहून विचारतेय, हे घर कुणाचं. दाजी रडत होते. बिननावी फुगलीय.

आता वायर उपटायची तरी कशी. सगळंच कोरं होईल. आईसुद्धा.

१४ तारीख, शुक्रवार
आईला फोन केला. दोनदा विचारलं, कोण बोलतंय. मग म्हणाली, बरे आहात ना, जेवलात का.

जेवलात. आईने मला अहो—

बिननावीवर एकच ओळ. खाली पुन्हा तीच, त्याखाली पुन्हा तीच. बाळा, जेवलास का.

१५ तारीख
'मी'कडे पुष्कळ मेमरी आहे. ती कोण वापरतंय. हाताने काढून 'आई'ला देता येते. अर्धी दिली.

आईचा फोन आला. मेल्या, फोन करायला हात मोडले का, म्हणाली. शिवी ऐकून रडलो. म्हणाली, अगदी बापावर गेलायस.

बाप. चेहरा येत नाही. मिशी होती का—

१६
बिननावी 'आई'कडून ओढतेच आहे. थकलो. पुन्हा भरायला पाहिजे. माझ्याकडे थोडीच—

आईला राहू दे. बाकीची पण

—
एका बाईंचा फोन आला होता. मला बाळा म्हणत होत्या. म्हटलं, मावशी, चुकीचा नंबर लागलाय. ठेवेनात. फार रडत होत्या बिचाऱ्या. त्यांचा मुलगा लांब कामाला गेलाय, तो ओळखच देत नाही म्हणे. काय पोरं असतात.

म्हटलं, भेटला तर सांगतो. नाव सांगा, लिहून ठेवतो. त्यांनी सांगितलं, दोनदा. त्याचं नाव